रजेचं खरं कारण

बाई, तुमचा शोकप्रस्ताव मीच टाइप केला. मूळ प्रत आणि खाली चार कार्बन. 'त्यांच्या निधनाने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून न निघणारी आहे,' हे वाक्य प्राचार्यांनी तोंडी सांगितलं आणि मी बोटं न थांबवता ते कागदावर उतरवलं. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतात, "शैला, या एका पोकळीत आतापर्यंत किती माणसं घातलीस गं?" ग्रंथपाल गेले तेव्हा तुम्ही हेच माझ्या कानात म्हणाला होतात आणि भर सभेत मला पदर तोंडाला लावावा लागला होता. या वेळी पदर लावला तो वेगळ्या कारणानं.

सभेत खुर्च्या मी लावल्या, माइकची वायर मी ओढली. हार जरा मोठाच झाला, तुमचा चष्मा त्यात झाकला गेला, तेवढा वर सरकवला. बोल असं मला कुणी म्हणालं नाही आणि म्हणायचं काही कारणही नव्हतं. ऑफिसातल्या माणसानं शोकसभेत सतरंजी बघायची असते. सगळे चांगलं बोलले. तुमच्या पदव्या आल्या, शिस्त आली, अर्थशास्त्र विभागाची भरभराट आली, सरकारनं तुमच्यावर सोपवलेली पाहणीही आली. तुमचा चुकलेला प्रश्न मात्र कुणाच्या बोलण्यात आला नाही. तो त्यांना ठाऊकच नव्हता. तुमच्यामागे तो ठाऊक असलेली मी एकटीच उरले होते, आणि ते एकटेपण मला फार जड गेलं.

तो प्रश्न माझ्याच टाइपरायटरमधून बाहेर पडला होता. घरी माल आणून काम करणाऱ्या बायकांची पाहणी करून द्या, असं सरकारी पत्र तुम्हाला आलं तेव्हा तुम्ही किती खूश होतात. संपानंतर गिरण्यांतली माणसं घरी बसली आणि घाटकोपरच्या आमच्या टेकडीवर घरोघरी शेठचे गठ्ठे येऊ लागले. कुठे राख्या, कुठे कागदी पिशव्या, कुठे ब्लाऊजना हूक लावणं. हे कुणाच्याच कागदावर नाही, ते आणायचं, असं तुम्ही म्हणालात. मराठी टाइपिंग येणारी ऑफिसात मी एकटी, म्हणून तुमच्या फॉर्मचं स्टेन्सिल मी कापलं. पहिल्याच पानावर वर होतं, 'आपण काम करता का? होय / नाही.' मी ते टाइप केलं आणि मलाही त्यात काही खटकलं नाही. मी त्याच टेकडीवर वाढलेली, तरी नाही.

तुमच्या विद्यार्थिनी सहा महिने ओळीओळीनं घरं फिरल्या. फॉर्म भरून आले ते सगळे 'नाही', 'नाही', 'नाही'. तुम्ही ते गठ्ठे माझ्या टेबलावर ठेवून बसलात. "माझ्या डोळ्यांनी मालाचे गठ्ठे जाताना पाहिलेत, मग माशी शिंकली कुठे?" असं तुम्ही मला विचारलंत, जणू मला ठाऊक असणार. शेवटी माझ्याबरोबर दोन बस बदलून तुम्ही आमच्या घरी आलात.

आई दाराशी उजेडात बसून ब्लाऊजना हूक लावत होती. बाबा गेल्यापासून ती तिथेच बसते. तुम्ही पाटावर बसलात आणि फॉर्ममधलाच प्रश्न विचारलात, "आई, तुम्ही काम करता का?"

आईनं सुई न थांबवता सांगितलं, "नाय गो बाय. मी खंय कामाक जातंय? घराकच आसतंय." वर जरा तोंडही वाकडं केलं.

चहा टाकला तरी तिचे हात चालूच होते. कप समोर गार व्हायला लागला तशा तुम्ही पुढे झालात, तिच्या बोटांतली सुई काढून घेतलीत, ती तुमच्याच पदराला टोचलीत आणि कप तिच्या हातात दिलात. चहा संपेपर्यंत सुई परत दिली नाहीत. मी मनात म्हटलं, आता आई चिडणार. पण ती चिडली नाही.

मग जिन्यात मी तुम्हाला सांगितलं की आमच्याकडे 'कामाला जाणं' म्हणजे दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी. ज्या बाईवर ती वेळ आलेली नाही तिला तेवढाच एक अभिमान असतो. तुमच्या मुलींनी 'काम करता का' विचारलं आणि प्रत्येक घरात ते 'कामाला जाता का' असं ऐकलं गेलं. तुम्ही आधी हसलात. मग कठडा धरून थांबलात. "म्हणजे पार्ल्यात बसून मी उंटावरून शेळ्या हाकल्या," म्हणालात. आणि चपला परत काढून वर गेलात.

"आई, तुमचे हात रिकामे कधी असतात?"

आई हसली. असलं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. "ता मगे सांगतंय," म्हणाली आणि गठ्ठ्याकडे वळली. पण तुमचं काम झालं होतं. उतरताना तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "हाच प्रश्न, शैला. सगळ्या घरांत परत जायचं. तुझ्या आईचा फॉर्म मात्र तू भर."

परत जायचं म्हणजे काय हे पुढच्या आठवड्यात कळलं. बायका बोलायला मोकळ्या असतात त्या एक ते चार, जेवणं आटपल्यावर आणि पाणी यायच्या आधी. नेमकी तीच तुमच्या तासांची वेळ. रविवारी गेलं की दाराशी नवरा बसलेला. "ती काय करणार? घरीच असते," हे तोच सांगून टाकायचा आणि आतली बाई त्यावर मान हलवायची. मुली आता परीक्षेला बसायच्या होत्या, आणि तुमचाही विश्वास फक्त स्वतःच्या कानांवर उरला होता. तेव्हा एक सत्रभर रजा मिळाल्याशिवाय हे होणार नव्हतं. तुम्ही अर्ज लिहून आणलात.

तो अर्ज मला पाठ आहे. 'मी तयार केलेल्या प्रश्नावलीतील पहिलाच प्रश्न चुकीचा होता. त्यामुळे जमा झालेली माहिती खोटी आहे. तो प्रश्न मला पुन्हा, दुपारच्या वेळी, प्रत्येक घरी जाऊन विचारायचा आहे. यासाठी एक सत्र रजा मिळावी.' खाली सही.

मी कपाळावर हात मारला. "बाई, असा अर्ज कुणी करतं का? चूक कबूल करून रजा? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"पण हेच कारण आहे ना?"

"अर्जात खरं लिहायची पद्धत नाही, बाई."

हे वाक्य मी किती रुबाबात म्हणाले होते. पंधरा वर्षं ऑफिसात काढल्याचा सगळा तोरा त्यात होता. आजी आजारी पडल्या की 'अत्यावश्यक घरगुती कारण', मुलगी बघायला जायचं असलं तरी 'अत्यावश्यक घरगुती कारण'. स्टाफरूममधली निम्मी माणसं माझ्याकडून अर्ज लिहून घेत, आणि माझा अर्ज सहसा परत येत नसे. तुमच्याकडे पदव्या होत्या, माझ्याकडे हे होतं. अर्ध्या तासात मी नवीन अर्ज तयार केला: 'शासनाने सोपविलेल्या कामगारविषयक संशोधनाच्या अहवालास अंतिम स्वरूप देण्यासाठी.' वाचायला झकास. चूक नाही, खोटं नाही, कुणाच्या डोळ्यात खुपेल असं काही नाही.

तुम्ही वाचलंत. "अंतिम कुठलं गं? अजून सुरुवात चुकलीय."

"सही करा हो तुम्ही. रजा आली की काय करायचं ते करा."

तुम्ही सही केलीत. पेनला टोपण लावता लावता म्हणालात, "खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं, हे आता कधी कळणार नाही बघ."

आठ दिवसांनी अर्ज परत आला. समासात प्राचार्यांच्या अक्षरात होतं, 'अहवाल अंतिम टप्प्यात असल्याने उर्वरित काम महाविद्यालयीन वेळेव्यतिरिक्त फावल्या वेळात पूर्ण करता येण्यासारखे आहे. रजा नामंजूर.'

तो कागद तुम्हाला द्यायला मी स्वतः विभागात आले. तुम्ही वाचलंत आणि हसायलाच लागलात. "फावल्या वेळात! शैला, तुमचा शेठ बायकांना अगदी हेच सांगतो. फावल्या वेळात करा, बसल्या बसल्या करा. आता मीही त्यांच्यातलीच झाले."

तुम्ही हसलात म्हणून मी सुटले. मी काय म्हणाले आठवतं? "सरांचं डोकं फिरलंय, दुसरं काय." सरांचं डोकं जागेवर होतं, बाई. अंतिम स्वरूप म्हटल्यावर कुठलाही माणूस तेच लिहील. डोकं माझं चाललं होतं, जरा जास्तच. 'चूक माझी झाली' एवढे तीन शब्द होते. तुम्ही तुमची चूक अर्जात लिहून, सही करून, सगळ्यांसमोर ठेवायला निघाला होतात, आणि मला माझी बंद खोलीत तुमच्या एकटीसमोर सांगवली नाही.

मग तुमच्या किरकोळ रजा सुरू झाल्या. आज एक, पुढच्या बुधवारी एक. त्या रजिस्टरात मी मांडायची. दुपारी टेकडी चढून तुम्ही सात-आठ घरं करायचात आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन सांगायचात. राख्या करणाऱ्या एकीनं हात रिकामे कधी या प्रश्नावर दोन्ही तळवे तुमच्यापुढे धरले होते, डिंकानं कडक झालेले. दुसरी म्हणाली होती, बाळंतपणात पाच दिवस. तुम्ही हे सांगताना रंगात यायचात आणि मी म्हणायचे, "बाई, दम लागतोय तुम्हाला, जरा बसा." बसायचात, पाणी प्यायचात, की पुढचं घर. किरकोळ रजा संपल्या तेव्हा टेकडीवरच्या घरांच्या वरच्या दोन ओळी उरल्या होत्या.

जिथे दाराशी नवरा नसे अशा घरांसाठी काही रविवारी मी तुमच्याबरोबर आले. पुढे येईनाशी झाले. कपडे धुवायचेत, आईचं डोकं दुखतंय, असली कारणं दिली. कारणं देण्यात मी हुशार. खरं सांगायचं तर तुम्हाला चढाव चढताना बघवत नव्हतं, कारण तो चढाव माझ्यामुळे होता.

तुमच्या घरी मात्र येत राहिले. कॉलेज सुटल्यावर पार्ल्याच्या त्या गल्लीत बिस्किटांचा वास यायचा, आणि तुमच्या दोन खोल्यांत कागद सरकवून मला बसायला जागा केली जायची. तुमच्याकडे कप दोनच होते. दुसरा कुणासाठी आणला होता ते मी कधी विचारलं नाही, पण त्यात चहा पिणारी मीच होते. आपण दोघी एकट्या बायका, पण एकटेपणावर कधी बोललो नाही. शब्दांवर भांडलो. मी 'कृपया विनंती आहे' लिहायची, तुम्ही 'कृपया' खोडायचात. आता ऑफिसात कुणी माझं वाक्य खोडत नाही. जे लिहीन ते जातं. रोज संध्याकाळी टाइपरायटरवर कव्हर घालताना वाटतं, आज कुणाशी एक वाक्य तरी बोलले का? 'सही करा' आणि 'पावती घ्या' सोडून काही आठवत नाही.

शेवटच्या शनिवारी तुम्ही माझ्या टेबलावर पुन्हा एक कागद ठेवलात. तोच जुना मजकूर, तुमच्या अक्षरात, फक्त 'एक सत्र' ऐवजी 'सहा आठवडे'. "सोमवारी टाइप कर. एक शब्द बदलायचा नाही."

"परत नामंजूर झाला तर?"

"झाला तर झाला. पण निदान खऱ्या कारणासाठी होईल."

मी कागद खणात ठेवला. "बघते," म्हणाले. बाई, तुम्ही ओळखलंत का ते? मी तेव्हाच मनात त्याची वाक्यं बदलायला लागले होते.

सोमवारी सकाळी तुमच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच पडून राहिली. शेजाऱ्यांनी कॉलेजात फोन केला, तो मी घेतला. डॉक्टर म्हणाले झोपेतच गेल्या, त्रास झाला नसावा. तो अर्ज टाइप करायला मी ज्या कागदांची चवड काढून ठेवली होती, त्याच कागदांवर दुपारी शोकप्रस्ताव टाइप केला.

तुमचा पुतण्या येऊन सामान घेऊन गेला. शांत स्वभावाचा वाटला. फॉर्मचे गठ्ठे त्यानं मला दिले आणि म्हणाला, "आत्या तुमच्याबद्दल बोलायची." काय बोलायचात ते विचारायचा धीर झाला नाही. दुसरा कप मी मागून घेतला.

मग सरकारी पत्र आलं, साधं आणि सभ्य. प्राध्यापिकांच्या निधनाबद्दल खेद आहे, जमा झालेले फॉर्म असतील त्या स्थितीत महिनाअखेर पाठवावेत. असतील त्या स्थितीत. म्हणजे वरच्या दोन ओळी 'नाही'. पत्राचं उत्तर मीच टाइप करणार होते, 'सोबत पाठवीत आहोत' एवढंच लिहायचं होतं. कागद घातला, तारीख टाकली आणि पुढे बोट उचलेना. तो कागद काढून दुसरा घातला आणि माझ्या हक्काच्या रजेचा अर्ज केला, पंधरा दिवसांचा. कारणाच्या जागी तुमचा मजकूर उतरवला. एकच फरक केला आणि तो मला करावाच लागला: 'देवस्थळीबाईंच्या प्रश्नावलीतील पहिलाच प्रश्न चुकीचा होता. मी तो टाइप केला होता. वरच्या दोन ओळींतील घरी तो पुन्हा, दुपारच्या वेळी, जाऊन विचारायचा आहे.'

पोस्टात टाकल्यासारखा तो इतर कागदांत सरकवायचा नाही असं ठरवलं आणि स्वतः आत घेऊन गेले. प्राचार्यांनी वाचला. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"असं होतं होय? सगळे फॉर्म चुकले होते?"

"हो सर."

"अहो, मग देवस्थळीबाईंनी हे मला लिहिलं का नाही? मला वाटलं, अहवाल झालाय, नुसतं कागद नीट लावायचं काम उरलंय. हे कळलं असतं तर मी व्यवस्थापनाशी भांडून रजा दिली असती."

बाई, आपल्या वादाचा निकाल लागला. खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं, ते कळलं. खोलीत पंखा फिरत होता. सर काहीतरी उत्तराची वाट बघत होते. 'ठाऊक नाही सर' म्हणता आलं असतं. पंधरा वर्षांत शेकडो वेळा म्हटलंय.

"त्यांनी लिहिलं होतं, सर," मी म्हणाले. "मी बदललं."

त्यांनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "जा. दुपारची वेळ चुकवू नका."

ही कबुली मी तुम्हाला द्यायला हवी होती आणि दिली दुसऱ्याच माणसाला. म्हणून ते तीन शब्द आज इथे म्हणते. बाई, चूक माझी झाली. तुमचे ते चढ, त्या एकेक करून संपवलेल्या रजा, सगळं माझ्या एका झकास वाक्यामुळे. त्यानंच तुम्ही गेलात असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि मीही रात्रंदिवस तसं म्हणत बसत नाही, कारण तुम्हाला ते आवडलं नसतं. पण तुमची एक सत्राची रजा माझ्या हातून गेली. तुम्ही रागावला होतात का, तेही आता कळणार नाही.

रजेच्या पहिल्या दिवशी वर जायच्या आधी घरचाच फॉर्म काढला. तुम्ही माझ्यावर सोडलेला, इतके महिने कोरा राहिलेला. आई दाराशी उजेडात बसली होती, मांडीवर निळा ब्लाऊज. मी समोर पाटावर बसले, तुम्ही बसला होतात तिथे, आणि परक्या बाईसारखं विचारलं, "आई, तुझे हात रिकामे कधी असतात?"

तिनं हूक पुरा लावला, दोरा दातानं तोडला. नंतर तिचे हात मांडीवरच थांबले.

"तुझी बाई इल्ली तेवा," ती म्हणाली. "माझ्या हातातली सुई काढून घेतल्यान तिना. आख्खो चाय बसान प्यालंय मी त्या दिवशी."

फॉर्मवर उत्तराला एकच ओळ ठेवली आहे, बाई. मी तिचं वाक्य होतं तसं लिहिलं, समासापर्यंत गेलं तरी लिहिलं, आणि एक शब्द बदलला नाही.